पोहता येतं म्हणून बार्जवर जातोयस? आधी बोटीतून पाय कधी उचलायचा ते शिक

राम राम भाऊ. तुझा प्रश्न दोनदा नीट वाचला. तू लिहिलंयस की तू अमळनेर तालुक्यातला, वय २३, आयटीआय फिटर, रायगड किनाऱ्यावर एका जेट्टीच्या कामावर बार्जवर, म्हणजे पाण्यावरच्या सपाट लोखंडी तराफ्यावर, रिगरचा (दोर-साखळ्या लावून जड माल उचलणाऱ्याचा) हेल्पर म्हणून बोलावणं आलंय, गावातले अजून चार जण सोबत येताहेत, तापीत लहानपणापासून पोहतोस, ठेकेदार म्हणतो लाइफ जॅकेट मिळेल, आणि आई म्हणते जाऊ नको. तुझा प्रश्न एवढाच की पोहणं येतं आणि जॅकेट मिळणार आहे, मग पुरे ना? वयाने माझ्या पोराएवढा आहेस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नको.

मी भुसावळकडचा. बावीस वर्षं झाली पाण्यावरच्या बांधकामात. सुरुवात रिगर म्हणून केली, मग फोरमन झालो, आता आठ-नऊ वर्षं सेफ्टीचं काम बघतो. समुद्रात जेट्टी आणि पाइलिंगची (तळात खांब ठोकायची) कामं केली, इकडे तापीवर पंटूनवरून (तरंगत्या लोखंडी पेट्यांवरून) पुलाच्या पायाचं काम पण केलं, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी जवळून बघितलेलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर, नाही, पुरत नाही. पोहणं कामी येतं ते धडधाकट माणूस मोकळ्या पाण्यात पडला तर. आमच्या कामात माणूस पडतो तेव्हा तो बहुतेक वेळा कुठेतरी आपटून पडतो, डोक्याला लागलेलं असतं नाहीतर पाय चेपलेला असतो, पायात लोखंडी टोकाचे बूट, कमरेला पाना-शॅकलचा पट्टा, अंगावर जाड ओले कपडे, आणि आजूबाजूला मोकळं पाणी नसतंच, एका बाजूला बोटीचं पोट, दुसऱ्या बाजूला बार्जची भिंत, खाली बोटीला ढकलणारा पंखा. तिथे तापीचं पोहणं काय करणार? म्हणून बुडताना कसं वाचायचं हा खरा प्रश्नच नाही. पडायची वेळ कुठे कुठे येते आणि ती कशी टाळायची, तो प्रश्न आहे, आणि तोच विचारायला पाहिजे.

आता बरंच काही परिस्थितीवर आहे हे आधीच सांगतो. काम खाडीत आहे की उघड्या समुद्रावर, बार्ज तरंगता आहे की पाय टेकवून उभा राहणारा जॅक-अप, तुमचं राहणं बार्जवरच आहे की रोज लाँचने (माणसं नेणाऱ्या छोट्या बोटीने) ये-जा, आणि काम कुठल्या महिन्यात आहे, या चार गोष्टींवर धोका पार बदलतो. खाडीत शांत पाण्यात जानेवारीतलं काम आणि उघड्यावर मे अखेरचं काम ही दोन वेगळी कामं समज. ठेकेदाराला हे चार प्रश्न फोनवरच विचार. जो माणूस "तिथे गेल्यावर कळेल" म्हणतो त्याने स्वतः साइट बघितलेली नसते.

आता मुख्य गोष्ट. माझ्या डोळ्यासमोर जे अपघात झाले त्यातले जास्तीत जास्त खोल समुद्रात नाही झाले, ते बोट आणि बार्जच्या मधल्या त्या एक-दीड फुटाच्या फटीत झाले. आमच्याच भागातला एक पोऱ्या होता, पट्टीचा पोहणारा, पुरात उडी टाकून म्हैस काढलेली त्याने. संध्याकाळची शेवटची लाँच, सगळ्यांना खोलीवर जायची घाई, ओहोटी लागलेली म्हणून लाँच खाली गेलेली. याच्या एका हातात जेवणाचा डबा, खांद्यावर बॅग. लाँच लाटेवर वर आली, याने शिडीचा गज सोडून पाय टाकला, आणि तेवढ्यात लाँच खाली बसली. पाय हवेत. तो फटीत गेला आणि पुढच्या लाटेला लाँच परत बार्जला येऊन टेकली. मधे टायरचा फेंडर (बोटीचा धक्का झेलणारी गादी) लोंबत होता म्हणून मांडीवर निभावलं, नाहीतर कंबर गेली असती. तांडेलने (लाँच चालवणाऱ्याने) त्याच क्षणी इंजिन न्यूट्रल केलं, हे त्याचं दुसरं नशीब. मांडीचं हाड मोडलं, वर्षभर घरी बसला. आणि मजा बघ, म्हणजे वाईट वाटून सांगतो, तो पाण्यात जेमतेम अर्धा मिनिट होता आणि त्यात एक हात पोहला नाही, कारण पोहायला जागाच नव्हती.

म्हणून बोटीतून चढणं-उतरणं हे वेगळं काम म्हणून शिकायचं. दोन्ही हात मोकळे पाहिजेत, एकदम मोकळे, मोबाइल पण नाही, डबा पण नाही. बॅग आणि हत्यारं दोरीने वर जातील, नाहीतर दुसरा माणूस हातोहात देईल. लाट बघायची, दोन-तीन लाटा नुसत्या बघायच्या, बोट कितपत वर-खाली होतेय ते अंगात बसू द्यायचं. बार्जवर चढताना बोट लाटेच्या माथ्यावर आली की शिडी धरायची आणि थांबायचं नाही, लगेच दोन-तीन पायऱ्या वर निघायचं, कारण बोट पुन्हा वर येते तेव्हा खालच्या पायरीवर रेंगाळलेला पाय तिच्यात सापडतो. उतरताना पण तसंच, बोट माथ्यावर असताना पाय टाकायचा, ती खाली जात असताना कधीच नाही. शिडीवर दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात, तीन जागी पकड कायम. एका वेळी एकच माणूस. तांडेल किंवा डेकवरचा खलाशी "चला" म्हणेल तेव्हाच, त्याआधी नाही. आणि उडी नाही. फूटभर असलं तरी उडी नाही. बोट बार्जकडे सरकायला लागली तर हाताने-पायाने ढकलून धरायला जाऊ नको, ते फेंडरचं काम आहे, ती बोट कितीतरी टनांची असते आणि तुझं हाड तिच्या हिशोबात नाही.

आपल्या खान्देशातल्या माणसाला भरती-ओहोटी अंगवळणी नसते, आपलं पाणी एका दिशेने जातं, तापी पश्चिमेला वाहते तर वाहतेच. तिकडे तसं नाही. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, म्हणजे सकाळी जिथे सरळ पाय टाकून जेट्टीवर गेलास तिथे सहा तासांनी तीच बोट एक मजला खाली असते, आणि शिडीच्या ज्या पायऱ्या आता उघड्या पडल्या त्यांच्यावर शेवाळ आणि कालवं असतात, हात पण कापतो आणि पाय पण घसरतो. मला हे एका तांडेल काकांनी शिकवलं, शाळा चौथीपर्यंत पण हिशोब तोंडावर. ते म्हणायचे तिथी घे, तिची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास पूर्ण भरती आणि तेव्हाच उधाण, अष्टमीला सहाच्या आसपास आणि पाणी कमी चढतं, त्याला ते भांग म्हणतात. रोज साधारण पाऊण तासाने वेळ पुढे सरकते. हा ढोबळ हिशोब आहे, कामासाठी छापील भरतीचं कोष्टकच बघायचं, पण या हिशोबाचा फायदा असा की तुला कॅलेंडर बघून आदल्या रात्रीच कळतं की उद्या सुट्टीच्या वेळी बोट वर असेल की खाली. आईच्या चतुर्थी-एकादशीचं कॅलेंडर तिकडे असं पण कामाला येतं.

दुसरी जागा म्हणजे दोर. बार्ज चारही बाजूंनी नांगराला आणि दोरांना बांधलेला असतो, टग (ओढून नेणारी बोट) ओढत असतो, विंच (दोर गुंडाळून ओढणारी यंत्रं) चालू असतात. तुला गोफण माहीत आहे, ज्वारीवरची पाखरं हाकलताना दगड कसा सुटतो ते बघितलंय. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला की तो तसाच परत येतो, फरक एवढाच की तो मनगटाएवढा जाड असतो आणि डोळ्याला दिसतच नाही. नायलॉन ताणल्यावर खूप लांबतो, म्हणून सगळ्यात वाईट झटका त्याचा. वायर रोप कमी लांबतो पण तुटला तर तो पण चाबकासारखा फिरतो. मी एकदा बोलार्डपाशी (दोर बांधायच्या लोखंडी खुंटापाशी) उभा होतो, सारंग (खलाशांचा मुकादम) ओरडला म्हणून दोन पावलं मागे झालो, आणि आवाज आला, बंदुकीसारखा. मी जिथे होतो तिथल्या रेलिंगच्या पाइपाला खोक पडली होती, हाताचं बोट आत जाईल एवढी. त्यानंतर मला दोर ताणला जातोय असं नुसतं वाटलं तरी मी तिथे थांबत नाही. काही ठिकाणी डेकवर पिवळा रंग मारून धोक्याची जागा दाखवतात, पण रंगाच्या बाहेर उभा आहे म्हणजे वाचलो असं समजू नको, दोर कोपऱ्यावरून वळलेला असला तर तो कुठल्या कुठे जातो. ज्याचं तिथे काम नाही त्याने तिथे नसावं, एवढंच खरं. आणि डेकवर दोराचं वेटोळं पडलेलं असतं त्यात पाय ठेवून कधी उभं राहायचं नाही, दोर सरकला की ते वेटोळं आवळतं आणि माणसाला सरळ बोलार्डकडे नाहीतर पाण्यात ओढून नेतं. हेल्पर म्हणून तुला दिवसभर दोरच उचलायचेत, म्हणून हे जास्त सांगतोय. दोर हाताला गुंडाळून धरायची सवय असेल, बैल धरताना आपण धरतो तशी, ती इथेच गावात सोडून जा.

आता जॅकेट. ठेकेदार "मिळेल" म्हणतो, पण काय मिळेल ते बघ. भगव्या रंगाचा थर्माकोलसारखा पातळ बनियन आला तर त्याच्या आतली पट्टी वाच. त्यावर ५०, १००, १५० असा न्यूटनचा आकडा असतो. ५० वाला फक्त पोहता येणाऱ्या शुद्धीतल्या माणसाला आधार देतो, बेशुद्ध माणसाला तो पालथाच ठेवतो. बार्जच्या कामाला १५० पाहिजे, म्हणजे साधारण पंधरा किलोचा उचल, तो माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवायच्या हिशोबाने बनवलेला असतो. वर सांगितलं ना की पडणारा बहुतेक वेळा लागलेला असतो, म्हणून हा फरक जीवाचा आहे. जड कपडे आणि हत्यारांचा पट्टा असेल तर २७५ वाला पण असतो, पण तो सगळीकडे देत नाहीत.

गॅसच्या नळकांडीने फुगणारं जॅकेट मिळालं तर रोज सकाळी घालायच्या आधी नळकांडी हाताने फिरवून बघ, ती घट्ट बसलेली पाहिजे, ढिली असेल तर जॅकेट फुगणारच नाही. वापरलेल्या नळकांडीला भोक पडलेलं असतं. जॅकेटच्या छोट्या खिडकीतला इंडिकेटर हिरवा पाहिजे, तारीख गेलेली नको. शिट्टी आहे का, दिवा आहे का, मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का. तो पट्टा कुणी लावत नाही, लाज वाटते, अडचण होते, पण तो नसला तर पाण्यात जॅकेट वर जातं आणि माणूस खाली राहतो, कानापर्यंत जॅकेट आणि नाक पाण्यात. तो पट्टा लावच. उंचीवर हार्नेस घालून काम असेल तर जॅकेट हार्नेसच्या आत घालायचं नाही, फुगलं तर छाती आवळून टाकेल, दोन्ही जमेल असं जॅकेट सुपरवायझरकडे माग. आपलं आपण जुगाड करू नको. आणि लाँचच्या बंद केबिनमध्ये आपोआप फुगणारं जॅकेट घालून बसू नको, बोट उलटली तर फुगलेला माणूस छताला चिकटतो, दारातून खाली बुडी मारून बाहेर येता येत नाही. उघड्या डेकवर बस, दाराजवळ बस.

इथपर्यंत तुला तीन गोष्टी सांगितल्या, चढण्या-उतरण्याची फट, ताणलेला दोर, आणि जॅकेट. आता जी चौथी सांगतो ती कुणी सांगत नाही, आणि तीच मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते. तिचा पाण्याशी संबंधच नाही.

बार्ज आणि पंटूनच्या पोटात लोखंडाच्या बंद टाक्या असतात. कुठे पाणी शिरलं का बघायला, रंग मारायला, वेल्डिंगला, कधीतरी कुणाला तरी आत उतरवतात, आणि बहुतेक वेळा तो कुणीतरी म्हणजे हेल्पर. टाकी कोरडी दिसते, वास नाही, काही नाही. पण लोखंड गंजतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन खातं. महिनोन् महिने बंद राहिलेल्या टाकीत श्वास घेण्यासारखी हवाच उरलेली नसते. माणूस शिडीने उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो, ओरडायला पण वेळ मिळत नाही. वरून दुसऱ्याला वाटतं घसरून पडला, तो वाचवायला उतरतो, तो पण जातो. मग तिसरा. आपल्याकडे विहिरीत हेच होतं ना? डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवलं, मग कुणीतरी खाली गेला, "विहिरीत गॅस झाला" म्हणतात, आणि एका घरातले दोघं-तिघं जातात. रावेर-यावल पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. फक्त ते जुन्या माणसांसारखं कंदील सोडून बघणं इथे धरू नको, ज्योत विझायच्या आधीच हवा माणसाला धोक्याची झालेली असते, आणि इंजिनच्या धुराचा विषारी वायू ज्योतीला कळत पण नाही, वर वेल्डिंगचा किंवा रंगाचा गॅस आत असेल तर ज्योतच स्फोट करेल.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मीटरवर १९.५ च्या खाली आकडा आला तर उतरायचं नाही. मॅनहोल उघडून ब्लोअरने हवा मारायची, मग दोरीला मीटर बांधून वर, मधे आणि तळाला तिन्हीकडे मोजायचं, उतरणाऱ्याच्या अंगाला लाइफलाइन, वर एक माणूस ज्याने तिथून हलायचंच नाही, आणि हे सगळं लिहिलेलं परमिट. यातलं एक जरी नसलं तर "मी उतरत नाही" म्हण. पहिल्या दिवशी म्हणावं लागलं तरी म्हण. आणि आत कुणी पडलेला दिसला तर तुझा जीव कितीही तुटला तरी उतरू नको, ओरड, ब्लोअर लाव, लाइफलाइन असेल तर वरून ओढ. तुम्ही गावचे पाच जण एकत्र चाललाय म्हणून हे जास्त कळकळीने सांगतोय, कारण आत पडलेला तुझा चुलतभाऊ किंवा मित्र असणार, आणि अशा वेळी माणूस विचार करत नाही. पाचही जणांनी हे गाडीत बसायच्या आधी आपसात बोलून घ्या.

क्रेनबद्दल थोडक्यात, कारण ते तुला तिथे रिगर शिकवेल. जमिनीवरची क्रेन आणि बार्जवरची क्रेन एक नाही. लोड उचलला की बार्ज त्या बाजूला कलतो, कलला की लोड अजून बाहेर जातो, म्हणून बार्जवरचा क्षमतेचा चार्ट वेगळा आणि कमी असतो. केळीच्या घडांची ट्रॉली एका अंगाला भरली की कशी होते, तसं समज, फक्त इथे रस्ता पण हलतो. लोड आणि रेलिंगच्या मधे उभं राहायचं नाही, टॅगलाइन (लोड फिरू नये म्हणून धरायची दोरी) हाताला गुंडाळायची नाही. नांगर किंवा केसिंग (पाइलिंगचा लोखंडी नळा) चिखलातून उपटताना चिखल धरून ठेवतो आणि एकदम सोडतो, तेव्हा सगळा बार्ज उसळतो, त्या वेळी कडेला कुणी नको.

हवामान. पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट खराब हवामानाचा हंगाम, पण खरी फसगत होते मे महिन्यात, काम संपवायची घाई असते आणि तेव्हाच अरबी समुद्रात वादळं उठतात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा राहण्याचा बार्ज बुडाला, २६१ माणसं होती त्यावर, सत्तरच्या घरात माणसं गेली. जे वाचले त्यातले कितीतरी जण रात्री त्या खवळलेल्या पाण्यात तासन् तास जॅकेटच्या जोरावर तरंगत होते. अशा बार्जला स्वतःचं इंजिन नसतं, हे लक्षात घे. बार्ज पळून जाऊ शकत नाही, त्याला टगने वेळेत ओढून न्यावं लागतं, म्हणून निघायचा निर्णय आकाश निळं असतानाच घ्यावा लागतो. तो निर्णय तुझ्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण तुझ्या हातात एवढं आहे की रोज सकाळी हवामान खात्याचा किनारपट्टीचा इशारा मोबाइलवर बघायचा, बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा) लागला का विचारायचं, आणि बार्जवर राहणार असाल तर पहिल्या रात्री झोपायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, माझं जॅकेट अंधारात हाताला कुठे लागेल आणि बंकपासून डेकवर जायचे दोन रस्ते कुठले. डोळे मिटून एकदा चालून बघ, खरंच.

कुणी पाण्यात पडलाच तर उडी टाकायची नाही. मोठ्याने ओरडायचं, गोल रिंग फेकायची, आणि एका माणसाने फक्त हाताच्या बोटाने त्याच्याकडे दाखवत राहायचं, नजर काढायचीच नाही, कारण लाटेत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि एकदा नजर हटली की परत सापडत नाही. बोट जवळ आली की पंखा बंद. वायरलेसवर चॅनल १६, आणि कोस्ट गार्डचा नंबर १५५४, तो पाचही जणांच्या मोबाइलमध्ये आजच टाका.

तू शेवटी विचारलंयस की तुझा मामेभाऊ तापीवर पुलाच्या कामाला आहे, नदीत एवढं सगळं लागतं का. लागतं, आणि नदीचा स्वभाव वेगळा म्हणून काही जास्त लागतं. तिथे भरती नाही, पण वरून पाणी सुटतं. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, त्यातले किती कधी उघडणार हे धरणावरून कळतं, तुमच्या डोक्यावरच्या आकाशावरून नाही, कारण पाऊस पडलेला असतो तिकडे पूर्णा आणि तापीच्या वरच्या खोऱ्यात. साइट इंजिनिअरचा धरणाच्या कंट्रोल रूमशी रोजचा फोन पाहिजे आणि पाणी सुटलं की पंटून किती वेळात मोकळा करायचा हे आधी ठरलेलं पाहिजे. दुसरं, सारंगखेडा-प्रकाशासारख्या बॅरेजच्या किंवा साध्या के. टी. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी पडतं तिथे ते गोल फिरून परत भिंतीकडे ओढतं. वरून फेस दिसतो, खोली पण फार वाटत नाही, पण त्यात बोट गेली की ती भिंतीला चिकटून उलटते आणि माणूस तिथेच फिरत राहतो. चांगले पोहणारे तिथेच जातात. त्या फेसाच्या जवळ बोट न्यायचीच नाही. आणि नदीतल्या छोट्या बोटीत "दोन खेपा कशाला, एकातच चला" म्हणून माणसं भरतात. २०१९ च्या संक्रांतीला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे नर्मदेत बोट उलटली, तिच्यात तिच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं बसलेली होती. मामेभावाला सांग, खेप वाढली तरी चालेल.

आता तिथे पोचल्यावर कंपनी बरी आहे की नाही हे पहिल्या तासात कसं ओळखायचं. मी एक गोष्ट बघतो, टोकनचा बोर्ड. जेट्टीवर लाकडी नाहीतर पत्र्याचा फळा, त्यावर खिळे, प्रत्येक माणसाच्या नंबरचं टोकन, बोटीत चढताना आपलं टोकन "पाण्यावर" बाजूला लावायचं, परत आलं की उलटं. संध्याकाळी एक टोकन जरी त्या बाजूला राहिलं तरी लाँच बंद होत नाही, माणूस शोधायला निघतात. रजिस्टरमध्ये एकाने सगळ्यांच्या सह्या करून टाकल्या असा प्रकार असेल तर रात्री बार्जच्या मागच्या अंगाला कुणी पडला तर सकाळी हजेरीला कळणार. असा बोर्ड नसेल तर तुम्ही पाच जणांनी आपसात ठरवा, उतरल्यावर पाचही डोकी मोजल्याशिवाय कुणी जेट्टी सोडायची नाही. तेवढं कुणाची परवानगी न घेता जमतं.

कागदाचं पण विचार. लाँचवर किती माणसं चालतील तो आकडा लिहिलेला असतो, तांडेलकडे परवाना असतो, ते बघायला मागणं हा उद्धटपणा नाही. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत पाण्यावरच्या आणि पाण्यालगतच्या कामाचं वेगळं प्रकरण आहे, कामगारांची बोटीने सुरक्षित ने-आण आणि बुडण्यापासून वाचवायची साधनं ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. तू काही उपकार मागत नाहीयेस. विमा आणि हजेरी तुझ्या नावावर आहे ना, ते निघायच्या आधी बघ, ठेकेदाराच्या वहीतलं टोपणनाव नको, आधारवरचं पूर्ण नाव पाहिजे.

राहिली आई. माझी आई पण मला पहिल्यांदा निघताना म्हणाली होती, "तठे पानी खोल शे ना भाऊ?" तेव्हा मी तिला "मला पोहता येतं" एवढंच उत्तर दिलं होतं, आणि आता कळतं की ते उत्तर चुकीचं होतं. तू तिला दुसरं काहीतरी सांग. सांग की शेवटच्या लाँचने घाई करणार नाही, हात मोकळे ठेवीन, बंद टाकीत मीटर लावल्याशिवाय उतरणार नाही, आणि संध्याकाळी जेट्टीवर पाय टेकला की तिथूनच फोन करीन. फोनची वेळ रोज बदलेल, पाऊण तासाने मागेपुढे, तिला ते कॅलेंडरवर तिथी दाखवून समजावून सांग म्हणजे उशीर झाला तर ती घाबरणार नाही. पोचलास की बार्ज कुठल्या प्रकारचा आहे आणि जॅकेटवर कुठला आकडा आहे ते मला लिही, मग पुढचं बोलू.